विक्रीकर न्याय्य आहे का, आणि त्याचा हिशेब स्थानिक लोकप्रतिनिधीकडे मागता येतो का?

प्रश्न : तिरकी_रेघ

वस्तू विकत घेताना जो कर आपसूक वसूल होतो, त्याविषयी दोन शंका आहेत आणि त्या एकत्रच मांडतो, कारण एकीचे उत्तर दुसरीवर अवलंबून आहे असे मला वाटते.

पहिली शंका न्यायाची आहे. विक्रीकर घेताना घेणाऱ्याची ऐपत कोणी विचारत नाही. ज्याची महिनाअखेर ओढाताणीने गाठली जाते आणि ज्याची मिळकत खर्चून संपत नाही, ते दोघे एकाच वस्तूवर सारखाच कर भरतात. सर्वांना एकच दर हीच खरी समता, असे या कराचे समर्थक सांगतात. ऐपत वेगळी असताना बोजा सारखा ठेवणे हाच अन्याय, असे विरोधकांचे म्हणणे असते. दोन्ही बाजू इतक्या ठामपणे मांडल्या जातात की त्यांतला गणिताचा भाग कोणता आणि मताचा भाग कोणता हे कळेनासे होते.

दुसरी शंका जबाबदारीची आहे. हा पैसा कुठे थेट, तर कुठे वरच्या सरकारच्या तिजोरीतून वाटा किंवा अनुदान म्हणून स्थानिक संस्थेपर्यंत पोहोचतो. तो कसा खर्च व्हावा हे ठरवण्यासाठी आपण प्रतिनिधी निवडून देतो. मात्र निवडणूक आली की त्याला जोखतो ते हाक मारल्यावर येतो का, गटार तुंबले तर माणसे पाठवतो का, एवढ्यावरच. कराचा दर, त्याचे उत्पन्न आणि त्यातून झालेले काम यांच्याशी प्रतिनिधीच्या कामगिरीची सांगड घालणारी एखादी वाजवी कसोटी असू शकते का? कोणत्याही पक्षाची बाजू न घेता कोणी यावर लिहिले तर बरे होईल.

प्रतिसाद १ : ताळेबंद

गणिताचा भाग आधी उरकू. एका घराची मिळकत १०० एकक आहे आणि त्यातले ९० ते करपात्र वस्तूंवर खर्च करते. दुसऱ्याची मिळकत १,००० आहे आणि त्याचा असा खर्च ५०० आहे, असे समजा. कराचा दर १० टक्के असेल तर पहिले घर ९ आणि दुसरे ५० एकक भरेल. रक्कम पाहिली तर श्रीमंत घराने पाचपटीहून अधिक दिले. मिळकतीशी ताडून पाहिले तर गरीब घराचे ९ टक्के गेले आणि श्रीमंताचे ५. विक्रीकराला प्रतिगामी कर म्हणतात तो या दुसऱ्या अर्थाने, आणि एवढ्यापुरता वाद संपलेला आहे. समर्थक जो ‘एकच दर’ दाखवतात तो खर्चावरचा असतो; मिळकतीवरचा दर एकच राहत नाही.

यावर अर्थशास्त्रातला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. एका वर्षाची मिळकत हे ऐपतीचे चांगले माप नाही. तरुणपणी माणूस मिळकतीपेक्षा जास्त खर्च करतो, मध्यम वयात साठवतो आणि म्हातारपणी साठवलेले मोडतो. संपूर्ण आयुष्याचा हिशेब धरला तर आज शिल्लक टाकलेला पैसाही कधीतरी खर्च होतो आणि कर भरतो, त्यामुळे बोजा बराच समान दिसू लागतो. तर्क म्हणून हे बरोबर आहे. पण जो पैसा वारशाने पुढच्या पिढीकडे जातो त्याचे काय, हा प्रश्न त्यात शिल्लक राहतो. आणि ज्याची मिळकत जन्मभर तुटपुंजी राहिली त्याला या सरासरीचा काही उपयोग नसतो.

बोजा हलका करण्याचे मार्ग देशोदेशी वेगवेगळे निवडले गेले आहेत, आणि मूल्यवर्धित कर, उपभोग कर, वस्तू व सेवा कर अशी विक्रीवरच्या या कराची नावेही वेगळी आहेत. ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २० टक्के असला तरी बहुतेक अन्नपदार्थांवर तो शून्य आहे. जपानने ऑक्टोबर २०१९ मध्ये उपभोग कर ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेला, तेव्हा अन्नपदार्थांना ८ टक्क्यांवरच ठेवले. भारतात वस्तू व सेवा कराचे ५, १२, १८ आणि २८ टक्के असे मुख्य टप्पे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते मुख्यतः ५ आणि १८ टक्क्यांवर आणून चैनीच्या आणि अपायकारक ठरवलेल्या निवडक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर ठेवण्यात आला. कॅनडाने आणखी एक वाट धरली. तिथे कमी मिळकतीच्या घरांना या करापोटी दर तिमाहीला ठरावीक रक्कम परत दिली जाते.

मला कॅनडाची पद्धत अधिक नेमकी वाटते, आणि त्याचे कारण थोडे अनपेक्षित आहे. अन्नधान्यावरचा कर माफ केला की लाभ गरिबालाच होतो असा आपला समज असतो. पण श्रीमंत घर अन्नावर रकमेने जास्तच खर्च करते, म्हणून माफीतला मोठा वाटा त्यालाच मिळतो. शिवाय कोणती वस्तू ‘जीवनावश्यक’ यावरून व्यापारी आणि कर-अधिकारी यांच्यात न संपणारे खटले उभे राहतात, आणि त्यांचा खर्च शेवटी करदात्यांच्याच माथी येतो. परताव्यासाठी मात्र सरकारकडे प्रत्येक घराच्या मिळकतीची विश्वासार्ह नोंद असावी लागते. जिथे बहुसंख्य लोकांची मिळकत कोणत्याच कागदावर नसते तिथे माफी हाच व्यवहार्य उपाय उरतो, मग तो कितीही ढोबळ असो.

प्रतिसाद २ : मोजपट्टी

ताळेबंद यांनी कराची बाजू चोख मांडली, पण न्याय एकट्या करावरून ठरवणे मला पटत नाही. डेन्मार्कमध्ये मूल्यवर्धित कराचा दर २५ टक्के आहे आणि अन्नपदार्थही त्यातून सुटलेले नाहीत. निव्वळ करभार पाहिला तर ही व्यवस्था गरिबाला जाचक ठरावी. प्रत्यक्षात तिथले शिक्षण, आरोग्यसेवा आणि वृद्धांची देखभाल या गोष्टी त्या महसुलाच्या आधाराने चालतात आणि त्यांचा उपयोग कमी मिळकतीच्या माणसाला सर्वाधिक होतो. घेतले किती आणि परत मिळाले किती, हे दोन्ही रकाने एकत्र वाचावेत.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. जो आपली मिळकत लपवतो त्याच्याकडून प्राप्तिकर वसूल होत नाही, पण खर्च करताना त्याला विक्रीकर चुकवणे तितके सोपे जात नाही. बाहेरून येणारा प्रवासीही तिथले रस्ते, पाणी आणि दिवे वापरतो. त्याच्याकडून काही घेण्याचा दुसरा सरळ मार्ग स्थानिक संस्थेकडे नसतो. प्रामाणिक पगारदाराच्या दृष्टीने पाहिले तर हा कर वाटतो तितका अन्याय्य नाही.

प्रतिसाद ३ : सभागृहाबाहेर

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रतिनिधीला कराबद्दल जाब विचारण्याआधी, दर ठरवण्याचा अधिकार त्याला आहे का हे पाहावे लागते. याबाबतीत देशादेशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत राष्ट्रीय विक्रीकरच नाही. ४५ राज्ये राज्यव्यापी विक्रीकर लावतात आणि त्यांतील बहुतेक राज्यांत शहरे किंवा परगणे त्यावर स्वतःचा कर चढवतात. अलास्कात तर राज्याचा विक्रीकर नसतानाही स्थानिक संस्था तो लावू शकतात. अशा ठिकाणी स्थानिक प्रतिनिधी दराला थेट जबाबदार असतो. कॅन्सस राज्याने अन्नपदार्थांवरील राज्याचा विक्रीकर टप्प्याटप्प्याने उतरवून १ जानेवारी २०२५ पासून शून्यावर आणला, पण स्थानिक विक्रीकर त्याच खरेदीवर चालू राहिला. आता तिथल्या नागरिकाला बोट कोणाकडे दाखवायचे हे पावतीवरच दिसते.

जपानमध्ये १० टक्क्यांपैकी ७.८ राष्ट्रीय आणि २.२ स्थानिक असा हिस्सा कायद्याने ठरलेला आहे. नगरपालिकेच्या सदस्याला तो बदलता येत नाही. भारतात तर कराचे दर सुचवते ती वस्तू व सेवा कर परिषद, जिच्यात केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश असते. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीला त्या परिषदेत स्थानच नाही. नगरसेवकाला ‘एवढा कर का?’ असे विचारणारा मतदार चुकीच्या दारावर थाप मारतो आणि ‘मी कर कमी करून दाखवीन’ असे या कराबद्दल सांगणारा उमेदवार निव्वळ थाप मारतो.

महाराष्ट्राचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. महापालिकांचा मोठा आधार असलेली जकात हा एक प्रकारे स्थानिक विक्रीकरच होता: शहराच्या हद्दीत वापरासाठी, उपभोगासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा. तिचे दोष सर्वज्ञात होते. मालमोटारी नाक्यांवर खोळंबत, तपासणीच्या नावाखाली चिरीमिरी चाले, आणि आधीच्या करावर पुन्हा कर बसून तो किमतीत मुरत असे. तिच्या जागी टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला, जो नाक्यावर नव्हे तर व्यापाऱ्याच्या हिशेबावरून घेतला जाई. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींहून कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातूनही वगळले गेले. मुंबईत जकात टिकली ती थेट १ जुलै २०१७ पर्यंत, म्हणजे वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत. त्यानंतर राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई देण्याची सोय केली आणि त्या रकमेत दरवर्षी ८ टक्के वाढ ठरवली.

कर म्हणून हा बदल चांगला झाला, याबद्दल मला शंका नाही. पण त्याची एक किंमत आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. पूर्वी शहरातला व्यापार वाढला तर महापालिकेची जकात वाढे, मंदावला तर घटे. म्हणजे शहर नीट चालवण्यात सभागृहाचा रोकडा स्वार्थ होता. आता रक्कम सूत्राने येते. शहराने उद्योगाला पोषक वातावरण ठेवले काय किंवा रस्त्यांची दुर्दशा केली काय, त्या सूत्रात फरक पडत नाही. खर्च करणारा एक आणि गोळा करणारा दुसरा अशी फारकत झाली की करदात्याला दोघेही एकमेकांकडे पाठवतात: खालचे म्हणतात वरून निधी आला नाही, वरचे म्हणतात दिलेला निधी खालच्यांनी वापरला नाही. गंमत म्हणजे पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात.

स्थानिक संस्थेच्या हाती दर देणे हा यावरचा सोपा इलाज वाटेल, पण त्यातही मेख आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ मध्ये मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ता करावर कडक मर्यादा घातल्यावर शहरांना विक्रीकराच्या वाट्याचे महत्त्व वाढले. परिणामी, राहण्याच्या घरांपेक्षा मोठ्या विक्रीकेंद्रांना जागा देण्याकडे नगरसभांचा कल झुकतो, ही टीका तिथे वर्षानुवर्षे होत आहे. घर बांधले तर शाळा-पाणी-रस्त्याचा खर्च अंगावर येतो आणि विक्रीकेंद्र आणले तर महसूल येतो. म्हणजे जबाबदारी स्पष्ट झाली, पण प्रतिनिधीची नजर नागरिकांवरून गल्ल्याकडे वळली. १९९६ च्या २१८ व्या प्रस्तावाने तिथे सर्वसाधारण करवाढीला मतदारांचे साधे बहुमत आणि विशिष्ट कामासाठीच्या कराला दोनतृतीयांश मते आवश्यक केली, त्यामुळे निदान वाढ मतदारांना विचारल्यावाचून होत नाही.

आता मूळ प्रश्न, कसोटीचा. भारतीय नगरसेवकापुरते बोलायचे तर त्याच्या हातात काय आहे? महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यांत प्रशासकीय अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे आहे. नगरसेवक स्वतःच्या सहीने एक खड्डाही बुजवू शकत नाही. तो स्थायी समितीत अंदाजपत्रकावर बोलू शकतो, मोठ्या कंत्राटांच्या मंजुरीत हरकत घेऊ शकतो, सर्वसाधारण सभेत प्रशासनाला प्रश्न विचारू शकतो, मालमत्ता करासारख्या संस्थेच्या स्वतःच्या करांबाबत मत देऊ शकतो आणि लेखापरीक्षणात निघालेल्या आक्षेपांचा पाठपुरावा करू शकतो. त्याची कामगिरी इथेच तपासली पाहिजे. गटार साफ करून घेणे हे काम उपयोगाचे आहे, नाही असे नाही. पण ते वास्तविक प्रशासनाचे नित्याचे काम आहे, आणि त्यासाठी नगरसेवकाला फोन करावा लागणे हे त्याच्या यशापेक्षा यंत्रणेच्या अपयशाचेच लक्षण मानावे.

आणि हे सगळे सभागृह अस्तित्वात असेल तर. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षे ठरवून ती संपण्याआधी निवडणूक घेण्याचे बंधन घातले. तरी महाराष्ट्रातील अनेक महापालिका २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. त्या काळात लोकांनी कर नेहमीप्रमाणे भरला; मात्र ज्याला मताने हटवता येईल असा कोणीही त्याच्या खर्चाला जबाबदार नव्हता. करन्यायाच्या चर्चेत दरांची टक्केवारी येते. ही गोष्टही यायला हवी.

प्रतिसाद ४ : उंबरठा

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. एक सावधगिरी मात्र सुचवतो. प्रतिनिधींच्या ‘प्रगतिपुस्तकां’त हजेरी आणि विचारलेल्या प्रश्नांची संख्या यांना फार गुण मिळतात, कारण या दोन गोष्टी मोजायला सोप्या आहेत. एकदा ते कळले की रस्त्यांची आणि चौकांची नावे बदलण्याविषयीचे प्रश्न विचारूनही आकडा फुगवता येतो. त्यापेक्षा एकच प्रश्न घेऊन त्याचे उत्तर मिळाले का, त्यावर कारवाई झाली का, हे वर्षभर पाहणे अधिक उपयुक्त. तसेच आधीपासून सोयीसुविधा असलेल्या प्रभागाची नव्याने वसलेल्या प्रभागाशी तुलना करून एका प्रतिनिधीला श्रेष्ठ ठरवणे अन्यायाचे आहे. सुरुवात कुठून झाली हे पाहिल्याशिवाय मजल किती मारली हे सांगता येत नाही.

मतदारापर्यंत माहिती पोहोचली तर फरक पडतो, याला ब्राझीलमध्ये पुरावा मिळालेला आहे. तिथे २००३ पासून सोडत काढून नगरपालिका निवडल्या जात आणि केंद्राकडून आलेल्या पैशाचे लेखापरीक्षण करून अहवाल जाहीर केले जात. फेराझ आणि फिनान या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की निवडणुकीआधी गैरव्यवहार उघड झालेल्या महापौरांची पुन्हा निवडून येण्याची शक्यता घटली, आणि जिथे स्थानिक नभोवाणी केंद्र होते तिथे हा परिणाम अधिक ठळक होता. तो पैसाही वरून आलेलाच होता, हे लक्षात घ्यावे. म्हणजे गोळा करणारा वेगळा असला तरी, खर्चाचा हिशेब वेळेवर आणि समजेल अशा भाषेत समोर आला, तर मतदार जाब विचारतात.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : तिरकी_रेघ

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न आहे. ‘माझ्या कारकिर्दीत संस्थेचे उत्पन्न इतक्या टक्क्यांनी वाढले’ असा दावा प्रतिनिधी करतात तेव्हा त्याला कितपत महत्त्व द्यावे? विक्रीकराचे उत्पन्न तर महागाईनेही वाढत असणार.

प्रतिसाद ५ : ताळेबंद

फारच थोडे महत्त्व द्यावे. विक्रीकर किमतीच्या टक्केवारीत असतो, त्यामुळे भाव वाढले की एकही ठराव न करता, एकही मत न घेता महसूल वाढतो. मालमत्ता कराचे तसे होत नाही. तिथे मूल्यांकन किंवा दर वाढवण्याचा निर्णय कोणाला तरी उघडपणे घ्यावा लागतो आणि त्याचा रोषही पत्करावा लागतो. राज्यकर्त्यांना विक्रीकर प्रिय असण्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण त्याच्या अदृश्यतेचे. राज चेट्टी, ॲडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका अमेरिकन दुकानात मांडणीवरच्या चिठ्ठीवर करासह किंमत लावली तेव्हा त्या वस्तूंची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी घटली. कर तोच होता आणि ग्राहकांना तो ठाऊकही होता. डोळ्यांसमोर आल्यावर मात्र वागणूक बदलली. कराचा बोजा जाणवला नाही तर त्याच्या खर्चाबद्दलही कोणी खोदून विचारत नाही.

उत्पन्नवाढीचा दावा तपासायचा असेल तर आधी त्यातून महागाई वजा करा, मग वरून आलेली अनुदाने आणि भरपाई बाजूला काढा. जे उरते, म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवाना शुल्क, त्यांपुरताच सभागृहाचा काही वाटा असू शकतो. त्यातही दर वाढवून आलेली वाढ आणि थकबाकी वसूल करून आलेली वाढ यांत फरक करावा, कारण थकबाकी बड्यांकडे असली तर ती वसूल करायला राजकीय धैर्य लागते.

खर्चाच्या बाजूला अंदाजपत्रकाचे तीन रकाने शेजारी ठेवून वाचा: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद. एखाद्या कामासाठी दरवर्षी मोठी तरतूद होते आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात तिचा निम्माही भाग दिसत नाही, असे सलग दोन-तीन वर्षे आढळले, तर तुमच्या प्रतिनिधीने त्या कामाबद्दल अंदाजपत्रकाच्या सभेत काय विचारले हे इतिवृत्तात शोधा. इतिवृत्त संकेतस्थळावर नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येते.